बंदा रुपया आणि सत्तरपैकी मार्क

जुन्या नाण्यांनाही परीक्षेसारखे मार्क मिळतात, आणि तेही शंभरपैकी नाही तर सत्तरपैकी, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. नाणं परीक्षक कंपनीकडे पाठवायचं. तिथले जाणकार ते भिंगाखाली तपासतात, खरं की खोटं ते ठरवतात, मग १ ते ७० मधला एक आकडा देतात. त्यानंतर ते नाणं पारदर्शक, टणक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद होतं आणि वर चिठ्ठी लागते: कुठलं नाणं, कुठलं साल, किती मार्क. या डबीला म्हणतात 'स्लॅब'. पुढे बाजारात नाण्यापेक्षा त्या आकड्याचीच घासाघीस होते. साठ आणि पासष्ट यांत तुमच्या-आमच्या डोळ्यांना काही फरक दिसत नाही, किमतीत मात्र तो चांगलाच दिसतो.

हे सगळं मी अलीकडे वाचायला लागलो, कारण आमच्या मुरुडच्या घराची वाटणी व्हायची आहे आणि देवघरातल्या एका रुपयाचं काय करायचं ते ठरत नाहीये.

मुरुड म्हणजे दापोलीजवळचं. (मुरुड म्हटलं की समोरचा माणूस लगेच "जंजिरा का?" म्हणतो. नाही हो. ते रायगड जिल्ह्यातलं. आमचं रत्नागिरी जिल्ह्यातलं, हर्णैच्या शेजारचं, महर्षी कर्व्यांचं.) घर, आगर, विहीर, पोफळी यांची वाटणी कागदावर होते. भांड्यांचीही होते. पण एक रुपया चार घरांत कसा वाटायचा? आपल्या भाषेत 'बंदा रुपया' म्हणतात तो हाच, न मोडलेला. मोडला तर चार चार आणे होतील, पण तो रुपया राहणार नाही.

पुण्याला असणाऱ्या माझ्या चुलतभावाने तोडगा सुचवला: "ग्रेडिंग करून घेऊ. म्हणजे एकदाची किंमत कळेल. ज्याला हवा त्याने तेवढे पैसे बाकीच्यांना द्यावेत. आणि नको असेल कुणालाच, तर विकू." तो चुकीचं काही बोलत नव्हता. म्हणून नीट विचार करावासा वाटला.

आधी रुपयाविषयी. राणीछाप. पुढच्या बाजूला मुकुट घातलेली व्हिक्टोरिया, मागे वेलबुट्टीच्या चौकटीत 'वन रुपी इंडिया १८६२'. घरात सगळे म्हणतात, "एकसष्ट-बासष्ट सालचा आहे", आणि त्यावरून खापरपणजोबा १८६२ साली मुंबईला नोकरीला लागले, हा त्यांच्या पहिल्या पगारातला रुपया, अशी गोष्ट तयार झालेली आहे. मीही ती लहानपणापासून ऐकत आलो.

गंमत अशी की १८६२ असं लिहिलेला रुपया १८६२ चाच असेल असं नाही. १८५८ मध्ये कंपनी सरकारचं राज्य संपून राणीचं सुरू झालं आणि १८६२ पासून राणीच्या सरकारची नवी नाणी निघाली. पण ठशावरचं साल दरवर्षी बदलायचं टाकसाळींनी टाळलं. १८७४ पर्यंत रुपया पडत राहिला तो १८६२ हेच साल घेऊन. मुंबईच्या टाकसाळीने मात्र एक खूण ठेवली. मागच्या बाजूला, सालाजवळ आणि नक्षीत, बारीक बारीक ठिपके. ठिपक्यांची संख्या आणि जागा बदलत गेली, आणि त्यावरून रुपया खरोखर कोणत्या वर्षी पडला असेल याचा अंदाज नाण्यांचे अभ्यासक बांधतात. म्हणजे सालाचा आकडा सांगतो एक आणि ठिपके सांगतात दुसरंच.

आमच्या रुपयावर ठिपके आहेत. किती आहेत? भिंग लावून पाहिलं. तीन असावेत. कदाचित चार. एक जागा इतकी गुळगुळीत झाली आहे की तिथे ठिपका होता की नव्हता हे सांगता येत नाही. म्हणजे रुपया बहुधा १८६२ चा नाहीच. खापरपणजोबांची गोष्ट पूर्ण खोटी ठरत नाही, पण ती काही वर्षं तरी पुढे सरकते.

तो काळही मोठा मजेचा होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत चांदीचा पूर लोटला. त्या वेळी नियम असा होता की कुणीही चांदी घेऊन टाकसाळीत जावं आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत. युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये मुंबईचा फुगा फुटला आणि कितीतरी पेढ्या बुडाल्या. पण चांदीचे रुपये काही बुडत नाहीत. ते या हातातून त्या हातात फिरत राहिले, आणि त्यातले काही आगबोटीने हर्णैला उतरून आमच्या किनाऱ्यावरच्या गावांत आले. कोकणाची 'मनीऑर्डरवर चालणारा मुलुख' ही ओळख पुढे झाली (मनीऑर्डर सुरू झाली १८८० मध्ये), पण मुंबईच्या पगारातून गावाकडची चूल पेटण्याची रीत त्या आधीची आहे. त्यामुळे आमच्याकडे चांदीचा रुपया हा नुसता पैसा नव्हता. घरातला कुणीतरी तिकडे धडधाकट आहे याची ती खबर होती.

आता नाणं पारखण्याकडे येऊ. नाण्याला मार्क देणं ही काही अमेरिकेतून आलेली नवलाई नाही. आपल्याकडे हा धंदा फार जुना. पेशवाईत किती प्रकारचे रुपये चालत: अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही आणि आणखी कितीतरी. टाकसाळी सरकारच्या होत्या तशा परवाना घेऊन सावकारांनी चालवलेल्याही होत्या. प्रत्येकाचं वजन, प्रत्येकाचा कस निराळा. त्यामुळे रुपया हातात आला की तो 'एक रुपया' आहे असं समजून चालत नसे. तो सराफाला दाखवायचा. सराफ वाजवून बघे, कसाला लावी, तोली, आणि मग झिजलेल्या किंवा हलक्या नाण्याला बट्टा लावी, म्हणजे दर्शनी किमतीतून कापून घेई. सरकारी खजिन्यात हे काम पोतदाराचं. पोतदार, सराफ, पारखी ही आडनावं तिथूनच आली. 'नावाला बट्टा लागला', 'नाणं खणखणीत आहे', 'बंदा रुपया' हे सगळं त्याच पेढीवरचं बोलणं. मराठी माणूस माणसांचं मोल बोलताना नाण्यांच्या भाषेत बोलतो, ते उगाच नाही.

इंग्रजांनी १८३५ मध्ये सगळीकडे एकाच वजनाचा रुपया आणला: १८० ग्रेन, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. यंत्रावर पाडलेला, काठ एकसारखा, म्हणून 'कलदार'. आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. हेच एका तोळ्याचं वजन ठरलं. म्हणजे ज्या घरात वजनं नव्हती तिथे रुपयेच वजनं होते; ऐंशी रुपये पारड्यात टाकले की पक्का शेर. आज आपण सोन्याचा भाव तोळ्यावर बोलतो तेव्हा नकळत त्या रुपयाशीच बोलत असतो.

कलदार आला तरी बट्टा लगेच गेला नाही, त्याला फक्त कायद्याची चौकट मिळाली. १८७० च्या नाणे कायद्यात अशी तरतूद होती की रुपयाचं वजन झिजून दोन टक्क्यांपेक्षा जास्त घटलं असेल, तर तो कायदेशीर चलन म्हणून घ्यायलाच हवा अशी सक्ती नाही. दोन टक्के म्हणजे ०.२३ ग्रॅम. रुपया ११.४३ ग्रॅमच्या खाली गेला की संपलं.

ही तरतूद वाचल्यावर मला राहवेना. दापोलीला एका ओळखीच्या सराफाकडे जाऊन इलेक्ट्रॉनिक काट्यावर आमचा रुपया ठेवला. ११.३८ ग्रॅम.

म्हणजे २.४ टक्के घट. राणीच्या सरकारने आमच्या देवघरातला रुपया घेतला नसता! ज्याला आम्ही इतकी वर्षं लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतो, तो खजिन्याच्या दृष्टीने नापास.

मग प्रश्न पडला, ही पाव ग्रॅमहून थोडी जास्त चांदी गेली कुठे?

काही भाग उघड आहे. मुंबईच्या बाजारात, खिशात, कनवटीला, गल्ल्यावर. नाणं हातोहात फिरतं तेव्हा त्याचे उंच भाग आधी झिजतात: राणीचा गाल, केसांची वेणी, मुकुटाची टोकं. आमच्या राणीचा गाल सपाट आहे. म्हणजे घरी येण्याआधी तो बराच फिरला असणार. टाकसाळीतून निघून थेट खापरपणजोबांच्या हातात पडलेला कोराकरकरीत रुपया तो नव्हे.

पण नाण्याची सपाट पार्श्वभूमीही बारीक ओरखड्यांनी भरलेली आहे, सगळीकडे, गोल गोल. ती झीज बाजाराची नाही. ती देवघराची. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी काकू देव घासायला काढते. पितळेची समई आणि तांब्याचं तबक चिंचेनं, चांदीचे टाक राखुंडीनं. नंतर राखुंडीच्या जागी दंतमंजन आलं. टाकांबरोबर हा रुपयाही घासला जातो. काकूच्या आधी तिच्या सासूनं घासला. टाक घासून घासून देवाचा चेहरा पुसट झाला की सोनाराकडून नवे करून घेता येतात, तशी आपल्याकडे रीतच आहे. रुपयाला ती सोय नाही. ते पाणी विहिरीजवळच्या माडाच्या आळ्यात सोडलेलं असतं. तेव्हा आमच्या रुपयाची थोडी चांदी मुंबईत आहे आणि थोडी माडाच्या मुळाशी.

आणि ग्रेडिंगचं सगळं कोडं इथेच येऊन बसतं.

१ ते ७० ही मोजपट्टी काढली विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने, १९४९ मध्ये, जुन्या अमेरिकन सेंटांवरच्या पुस्तकात. मूळ कल्पना सरळ हिशेबाची होती: अगदी झिजलेल्या, जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची किंमत एक धरली, तर निर्दोष नाण्याची सत्तर. (हा शेल्डन मूळचा मानसशास्त्रज्ञ. माणसांच्या शरीराच्या ठेवणीवरून त्यांचे स्वभाव ठरवण्याची मोजपट्टीही त्याचीच! आणि त्याच्या मृत्यूनंतर असं उघड झालं की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी उचलून त्याने तिथे आपली कमी दर्जाची नाणी ठेवली होती. दर्जा ओळखण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे त्यावरूनही दिसतंच म्हणा.) पुढे किमतीचं ते गणित कोलमडलं, पण आकडे टिकले. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या नाणेसंग्राहकांच्या संघटनेने नाणी खरी की खोटी याची प्रमाणपत्रं देणं सुरू केलं, आणि १९८६-८७ पासून आज नावाजलेल्या दोन मोठ्या कंपन्यांनी नाणी डबीत बंद करून द्यायला सुरुवात केली. एकाच नाण्याला विकणारा 'उत्तम' म्हणतो आणि घेणारा 'बरं' म्हणतो, हे भांडण त्रयस्थाकडून मिटावं, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. आपल्या पोतदाराचंही काम तेच होतं.

फरक आहे तो कशाला गुण द्यायचे यात. पोतदार बघत होता चांदी किती उरली. नवा परीक्षक बघतो टाकसाळीतून निघाल्यापासून नाणं किती कमी बदललं. बाजारात फिरून झिजलं असेल तर हरकत नाही. ती झीज प्रामाणिक मानतात, वीस-तीस असा काही आकडा मिळतो. पण नाणं घासलेलं असेल तर आकडाच मिळत नाही. डबीवर लिहून येतं: नाणं अस्सल, तपशील अमुक इतके शिल्लक, 'साफ केलेले'. थोडक्यात, नापास नाही, पण निकाल राखून ठेवला. चांदीवर काळानं चढणारा काळसर थर संग्राहकाला प्रिय असतो, कारण तो नाण्याला कुणी छेडलं नाही याची साक्ष असतो. आमच्या काकूला तो थर म्हणजे आळशीपणाची साक्ष. "देवाची वस्तू काळी ठेवायची का रे?" असं ती विचारते, आणि या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणजे बघा, ज्या हातांनी तो रुपया खर्च केला त्यांची झीज बाजाराला चालते. ज्या हातांनी तो जपला त्यांची चालत नाही.

ही तक्रार नाही. संग्राहकाच्या जागी उभं राहिलं तर ते बरोबरच आहे. घासण्यानं पुरावा जातो. आमच्याच रुपयाचा चौथा ठिपका (असलाच तर) राखुंडीनं खाल्ला, आणि त्याच्याबरोबर नेमकं साल कळण्याची वाटही बंद झाली. पूजेनं इतिहास पुसला जाऊ शकतो, हे मान्य करायला हवं. पुतळ्यांच्या माळेचं उदाहरण घ्या. पुतळी हा दागिना मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट नाण्यावरून आला. त्यावर उभ्या असलेल्या आकृत्यांवरून 'पुतळी'. दागिना करताना अस्सल नाण्यांनाही कड्या डाकल्या गेल्या. नाणेसंग्राहक हळहळतो, पण ती कडी नसती तर ते नाणं घरात टिकलं असतं का? ते तेव्हाच मोडून खाल्लं असतं.

आमच्या रुपयाच्या बाबतीत टिकण्याचा तो क्षण मला बराचसा नेमका सांगता येतो. १८९३ पर्यंत चांदी घसरतच होती. जर्मनी वगैरे देश सोन्याकडे वळले आणि सत्तरीच्या सुरुवातीला सुमारे दोन शिलिंगांचा असलेला रुपया वीसेक वर्षांत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. शेवटी १८९३ मध्ये सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं. तरी जुने रुपये चालूच राहिले. मग दुसरं महायुद्ध आलं. १९४० मध्ये नव्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली, एक रुपयाची नोट निघाली, आणि १९४१ मध्ये राणीछाप रुपये चलनातून बाद झाले. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते मुदतीत खजिन्यात भरून टाकायचे.

आमच्या घरातल्या कुणीतरी तो एक भरला नाही.

कुणी, ते माहीत नाही. विसरून राहिला असेल, किंवा चांदी आहे म्हणून ठेवला असेल, किंवा खापरपणजोबांची आठवण म्हणून. पण त्या वर्षी त्या रुपयाचा पैसा म्हणून जन्म संपला आणि तो देवघरात गेला. तोपर्यंत त्याची किंमत त्याच्यावर लिहिलेली होती. त्यानंतरची किंमत त्याला घरानं दिली. आता तिसऱ्यांदा किंमत ठरवायची वेळ आली आहे, एवढंच.

चुलतभावाची बाजू मी हलकी करत नाही. त्याचं म्हणणं असं: "काकू आहे तोवर ठीक. तिच्यानंतर ही गोष्ट कोणाला माहीत असणार? आपली मुलं बंगळूरला, एक कॅनडात. त्यांना हा एक काळा-पांढरा रुपया. डबीत असेल, चिठ्ठी असेल, तर निदान फेकून तरी देणार नाहीत." हे खरं आहे. शिवाय डबी खाऱ्या हवेपासून वाचवते, हेही खरं. आणि जुन्या नाण्यांच्या नावाखाली जो बाजार भरला आहे तो पाहता त्रयस्थ जाणकाराची गरज नाही असं कोण म्हणेल? 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असं लिहिलेली हनुमानाची आणि रामदरबाराची तांब्याची नाणी गावोगाव लाखोंची म्हणून दाखवली जातात. कंपनीने अशी नाणी कधीच काढली नाहीत, ती देवस्थानांजवळ विकली जाणारी टोकनं. तांदूळ खेचणाऱ्या नाण्याच्या, म्हणजे त्या 'राईस पुलर'च्या नादात लोकांनी जमिनी विकल्या आहेत. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेला २०२१ मध्ये जाहीर सांगावं लागलं. शिवरायांचा होन किंवा १९११ चा तो प्रसिद्ध रुपया (पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून सरकारला मागे घ्यावा लागलेला) असा दुर्मिळ ऐवज हातात असेल आणि विकायचा असेल, तर ग्रेडिंग हाच शहाणपणा. तिथे भावनेला विचारू नये.

पण १८६२ चा राणीछाप रुपया दुर्मिळ नाही. तो फार मोठ्या संख्येने पडला आणि तितक्याच मोठ्या संख्येने उरला आहे. त्यात आमचा घासलेला. तपासणीचा आणि ने-आण करण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होईल, आणि एवढं करून चिठ्ठीवर येणार 'साफ केलेले'. वाटणीसाठी किंमत हवी होती, ती सराफाकडेच निघाली: साडेदहा ग्रॅमच्या आत चांदी आणि वर संग्राहक देईल ते थोडंसं. चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला मुरुडच्या किनाऱ्यावर एक जेवण.

शिवाय कायद्याचा एक मुद्दा आहे, तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. १९७२ च्या पुरावशेष आणि कलावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष ठरतो, आणि पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा "अमेरिकेतल्या कंपनीला कुरिअर करू" किंवा "भाचा सुट्टीला आलाय, त्याच्याबरोबर पाठवू" हा विचार मनातूनच काढून टाका. जे काही करायचं ते इथेच.

आणि इथे करण्यासारखं पुष्कळ आहे. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासूनचं, तिथे नाण्यांचा संग्रह आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधनासाठी १९८० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेनं तर नाणी वाचायला शिकवलेली माणसं तयार केली. मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय २००४ मध्ये सुरू झालं. आपल्याला नेमकं काय विचारायचं आहे हे आधी ठरवावं. खरं की खोटं? कुठलं, कधीचं? किती चांगल्या स्थितीत? किती रुपयांचं? हे चार वेगळे प्रश्न आहेत, आणि डबीवरचा एक आकडा त्या चारांचं एकदम उत्तर दिल्यासारखं भासवतो. आमचा खरा प्रश्न दुसरा होता, ठिपक्यांचा. त्याला परीक्षक नको, चांगला वाचक हवा.

मूल्य ठरवण्याच्या बाबतीत आमच्या गावाचा एक जुना अनुभवही मला आठवत राहतो. चांदीचे रुपये पाडून देणं बंद झालं त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, पुनर्विवाह केला. मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. गावाच्या दृष्टीने त्यांच्या नावाला बट्टा लागला होता. ज्या गावासाठी त्यांनी 'मुरुड फंड' उभा केला होता त्याच गावानं हा निकाल दिला. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं, आणि आज आम्ही सगळे 'कर्व्यांच्या मुरुडचे' म्हणून मिरवतो (वर कंसात मीही मिरवून घेतलंच आहे). माणूस तोच होता. पारखणारे बदलले. म्हणून कुठलाही निकाल टणक डबीत कायमचा बंद करावा असं मला मनापासून वाटत नाही. डबी फोडता येते म्हणा, पण आपल्याकडे एकदा शिक्का बसला की फोडायचा धीर कुणाला होत नाही.

तर आम्ही ठरवलं ते असं. ग्रेडिंग नाही. विकायचा नाही. रुपया काकूकडेच, मुरुडला, टाकांच्या शेजारी. तिच्यानंतर देव ज्याच्या घरी जातील त्याच्याकडे रुपयाही जाईल. देवांची वाटणी होत नाही, तशी त्याचीही नाही. चुलतभावाला हे पटलं, पण त्याने एक अट घातली आणि ती मला त्याच्या मूळ सूचनेपेक्षाही आवडली: "मग चिठ्ठी आपण लिहू."

चिठ्ठी लिहिली. मजकूर साधा आहे. राणीछाप रुपया, साल १८६२ लिहिलेलं, पण ठिपक्यांवरून त्यानंतर कधीतरी, १८७४ पर्यंत, मुंबईच्या टाकसाळीत पडलेला. ठिपके तीन, कदाचित चार. वजन ११.३८ ग्रॅम. घरात असं सांगतात की मुंबईतल्या पहिल्या पगारातला; याला कागदाचा आधार नाही. १९४१ मध्ये चलनातून बाद झाला तेव्हा भरला नाही. दर दिवाळीला घासला. खाली काकूचं नाव, तिच्या सासूचं नाव, आणि त्या आधीच्या ज्या बायकांची नावं काकूला आठवली ती. दोन्ही बाजूंचे फोटो. चार प्रती, चार घरांत, कारण २०२० च्या जूनमधल्या निसर्ग वादळात आमच्या छपराची कौलं उडाली आणि ट्रंकेतले जुने कागद भिजून त्यांचा लगदा झाला. रुपयाला काही झालं नाही. पण रुपया स्वतःहून काही बोलत नाही.

घासण्याचा प्रश्न उरला होता. तो मी काकूकडे भीतभीतच काढला. ठिपक्यांची गोष्ट सांगितली, भिंगातून दाखवली. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मग नुसता पाण्यानं धुवीन. मऊ फडक्यानं टिपीन. कुंकू मात्र लावणार हो." मी म्हटलं, लाव. कुंकवानं वजन काही कमी होत नाही.

तुमच्याकडे असं एखादं नाणं असेल, आणि कोकणात तरी बहुतेक घरांत असतंच, तर ते कुठे पाठवायच्या आधी दोन गोष्टी करा. काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे कोणी आणलं आणि तेव्हापासून कोणी कोणी सांभाळलं. पहिली गोष्ट कोणताही सराफ कधीही करून देईल. दुसरीला मुदत असते.

असो.